बास म्हणेपर्यंत

मी एक जुनी किसणी आहे. खोबऱ्याची नव्हे, आणि गाजराची तर मुळीच नव्हे. तसलं काही मनात आणलंत तर मला राग येईल, आधीच सांगते. माझं काम एकच आणि तेही वर्षातून जेमतेम तीन महिने: पांढऱ्या ट्रफलचे पातळ काप पाडायचे. ट्रफल हे जमिनीत, झाडाच्या मुळांना धरून वाढणारं अळंबं. दिसायला आल्याच्या गड्ड्यासारखं ओबडधोबड, पण त्याचा वास कुत्र्याला हातभर मातीखालूनही येतो. माणसाला येत नाही. आमच्या डोंगरात ज्याच्याकडे कुत्रं नाही त्याला ट्रफल नाही, एवढं मित्रांनो ध्यानात ठेवा.

मला आनाक्लेतो नावाच्या लोहाराने घडवलं. पोलादी पातं, जाडी कमीजास्त करायला एक पेच आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ. म्हातारा फार किरकिऱ्या होता. माझं पातं त्याने चार वेळा पुन्हा तापवलं आणि चारही वेळा मला शिव्या घातल्या. पण धार अशी लावली की आज चाळीस वर्षांनीही कुणी मला दगडावर घासलेलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

तिथून मी टेकडीवरच्या रेस्टॉरंटमध्ये आले. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, उंच देठांचे ग्लास, खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे. मिलानचे लोक इथे महिना महिना आधी टेबल राखून ठेवतात. आमच्याकडे एक रीत आहे. लोण्यात परतलेल्या अंड्याच्या बारीक शेवया पानात आल्या की मालक स्वतः टेबलाशी येतो आणि पाहुण्याच्या पानावर ट्रफल किसू लागतो. पाहुणा ‘बास्ता’ म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही. बास्ता म्हणजे तुमचं बासच. पाहुण्याने बास म्हटलं नाही आणि किसणाऱ्याने हात आवरता घेतला, तर तो त्या पाहुण्याचा अपमान. मोठमोठ्या साहेबांची जीभ त्या एका शब्दावर अडलेली मी पाहिली आहे. हावरटपणा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

त्या वेळी माझं फार कौतुक झालं. एका जर्मन बाईंनी माझा फोटो काढून नेला होता. मग मालक वारले, त्यांची मुलगी एर्सिलिया कारभार बघू लागली, आणि नव्या चकचकीत किसण्या आल्या. मला ड्रॉवरमध्ये जागा मिळाली. वाईट वाटलं, नाही कसं वाटेल? पण एका टेबलासाठी एर्सिलिया मलाच बाहेर काढी. ते टेबल तिच्या वडिलांच्या मित्रांचं होतं.

मित्र तिघे होते. सेवेरीनो आणि ओत्ताव्हियो हे दोघे ट्रफल शोधणारे, आणि देल्फिना गावच्या पोस्टात चिठ्ठ्या वाटून निवृत्त झालेली. तिघेही सत्तरी ओलांडलेले आणि एकाच शाळेतले. दर नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी ते इस्त्रीचे कपडे घालून आमच्याकडे जेवायला येत. दोघांपैकी ज्याला हंगामातलं मोठं ट्रफल सापडेल, त्याने ते न विकता या टेबलावर आणायचं, हा त्यांचा शाळेपासूनचा करार होता.

आणि चौथी होती बिर्बा, सेवेरीनोची कुत्री. बिर्बा म्हणजे द्वाड, आणि नावाप्रमाणेच होती. जेवण होईपर्यंत ती बाहेर दाराशी बसे, आणि आत कुणी मोठ्याने हसलं की भुंके.

गेल्या वर्षी ती नव्हती. रविवारच्या दहाच दिवस आधी कुणीतरी जंगलात विष घातलेला मांसाचा गोळा टाकला, तो तिने खाल्ला, आणि ती सेवेरीनोच्या मांडीवर तडफडून मेली. मित्रांनो, आमच्या डोंगरात हे पाप घडतं. दुसऱ्याचं कुत्रं मेलं की त्याची जागा आपली होते, असा हिशोब करणारी माणसं असतात. कुणी केलं हे सहसा कळत नाही. सेवेरीनोला मात्र ते जाणून घ्यायचंच होतं. दहा दिवस तो नीट जेवला नव्हता. एर्सिलियाला तो म्हणाला होता, “पोरी, ज्याने केलं त्याचं तोंड बघितल्याशिवाय मला झोप नाही.”

तरी करार तो करार. रविवारी तो आला. उजवा हात कोटाच्या खिशात होता. त्यात बिर्बाचा पट्टा होता आणि तो त्याने मुठीत धरला होता.

“हात काढ की बाहेर,” देल्फिना म्हणाली. “सोयरीक बघायला आल्यासारखा बसलायस.”

“थंडी आहे.”

“थंडी कसली! वाईन घे, वाईन.”

ओत्ताव्हियोने रुमालातून ट्रफल काढलं. मुठीएवढं मोठं. आसपासच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघू लागली.

“बापरे!” देल्फिनाने नाकाला लावलं. “कुठं मिळालं रे?”

“तुला सांगतोय होय! मरताना सांगीन.”

“म्हणजे फार वाट बघायला नको.”

ओत्ताव्हियो हसला. सेवेरीनो ट्रफलकडे बघत होता. ओत्ताव्हियोने ते अगदी लख्ख घासून आणलं होतं. मातीचा एक कण शिल्लक नव्हता, कारण मातीच्या रंगावरून जाणकाराला रान ओळखता येतं. कसबी माणूस ना तो! पण हे लोक ट्रफल अख्खं विकतात, कापत नाहीत. आत काय असतं ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. ओकच्या मुळाशी वाढलेलं आतून तपकिरी निघतं, पॉपलरचं फिकट. आणि सबंध डोंगरात एकच लिंडनचं झाड असं आहे की त्याच्याखालचं ट्रफल आतून गुलाबी ठिपक्यांचं असतं. ते झाड बिर्बाने शोधलेलं. सेवेरीनो तिथला माल फक्त आमच्या स्वयंपाकघरात देई, आणि एर्सिलिया त्याच्यासमोर मलाच काढून एक काप पाडून बघे, म्हणून त्या ठिपक्यांचा अर्थ त्याला, एर्सिलियाला आणि मलाच ठाऊक होता. बिर्बा मेली ती त्याच झाडाखाली. हे सेवेरीनोने एर्सिलियाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवया आल्या. एर्सिलियाने मला हातात घेतलं. “पहिले सेवेरीनोकाका,” ती म्हणाली आणि तिने ट्रफल माझ्या पात्यावर ओढलं.

पहिला काप पानात पडला. त्यात गुलाबी ठिपके होते.

एर्सिलियाने माझी मूठ करकचून आवळली. तिनेही ते ओळखले होते. त्या क्षणी माझी धार बोथट व्हावी असं मला वाटलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पण लोखंडाला थांबता येत नाही. दुसरा काप पडला, तिसरा पडला. सेवेरीनो त्या ठिपक्यांकडे बघत होता. पंधरा काप झाले, वीस झाले.

“अरे बास म्हण की, हावरटा!” देल्फिना हसत म्हणाली. “आम्हाला काही ठेवशील का नाही?”

सेवेरीनो बास म्हणेना, म्हणून एर्सिलियाला थांबता येईना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती किसत होती. देल्फिनाचं हसू विरलं. ओत्ताव्हियोच्या कपाळावर घाम आला. मुठीएवढं ट्रफल शेवटच्या तुकड्यापर्यंत संपलं, आणि मी रिकाम्या हवेत एकदा फिरले.

सेवेरीनोने ते भरलेलं पान डाव्या हाताने ओत्ताव्हियोपुढे सरकवलं.

“खा,” तो म्हणाला.

“हे तुझं पान आहे.”

“मी देतोय ना प्रेमाने? खा.”

ओत्ताव्हियोने काटा उचलला. पानाकडे बघितलं. मग सेवेरीनोच्या कोटाच्या खिशाकडे, त्या आत दडलेल्या उजव्या हाताकडे बघितलं. काटा तसाच राहिला.

“खात का नाहीस रे?” देल्फिनाने विचारलं. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

ओत्ताव्हियो हळूच म्हणाला, “आधी तू खा, सेवेरीनो.”

त्या पानात त्याला विष दिसत होतं. देल्फिनाने हातातला पाव खाली ठेवला. “ओत्ताव्हियो,” ती म्हणाली, “मेल्या, काय केलंस तू?”

“ते तिच्यासाठी नव्हतं,” तो पुटपुटला. “देवाशपथ! परगावच्यांची कुत्री येतात, म्हणून...”

“माझ्या झाडाखाली?” सेवेरीनोने विचारलं. “अर्धा तास लागला तिला. अर्धा तास ती माझा हात चाटत होती.”

तो उठला. त्याने पानातल्या शेवयांचा एक मोठा घास काट्याला गुंडाळला, ओत्ताव्हियोच्या डोळ्यांत बघत तोंडात घातला, चावून गिळला, आणि टोपी घेऊन निघून गेला.

त्यानंतर ते टेबल कुणी मांडलं नाही. एर्सिलियाने मला धुऊन पुसून फडक्यात गुंडाळलं, ते आजतागायत. सेवेरीनोला तोंड बघायचं होतं ते दिसलं. तरी त्याला झोप लागत नाही, असं ती स्वयंपाकघरात सांगते. नवं कुत्रं पाळायला तो तयार नाही. “पुन्हा कुणाचं तरी तडफडणं बघायचं बळ आता माझ्यात नाही,” असं तो म्हणतो.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. चूक माझी नाही असं एर्सिलिया म्हणते, पण पात्याला लागलेला तो गुलाबी रस मला अजून जाणवतो. माझी एकच विनवणी आहे. माणूस असो की मुकं जनावर, जो तुमच्यावर भरवसा ठेवून तोंड उघडतो, त्याच्यापुढे असंच खाणं ठेवा, ज्याचा पहिला घास तुम्ही स्वतः बेलाशक घ्याल.