राहुकाळात राबणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तीन कळा निकामी झाल्यात, पण बाणा गेलेला नाही. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता, तेव्हा मद्रासला माझी जुळणी झाली आणि लॉरीत बसून मी तंजावरला आलो.

सीतारामरावांच्या एका खोलीच्या कचेरीत चार माणसं होती. लग्नाच्या हॉलांची नोंदणी करणारी प्रणाली ती बनवत. त्यात एक ओळ बदलली, की चौघंही आळीपाळीने सहा दिवस माझ्यापुढे बसून सगळं पुन्हा टाइप करून तपासत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शेवटी हॉलमालकाने बजावलं, तपासणीचा खर्च निम्मा करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. गिऱ्हाईक तेवढं एकच होतं. ते गेलं तर कचेरी बंद, आणि प्रणाली लिहिणाऱ्या वसुमतीला नोकरीसाठी मद्रास गाठावं लागणार. तिला तंजावर सोडायचं नव्हतं.

तिने एक यादी केली. काय टाइप करायचं आणि काय उत्तर यायला हवं, हे ओळीओळीने लिहून माझ्यात भरलं, म्हणजे माझं मीच तपासावं. पण मी मोकळा कधी असे? रात्री कचेरीबरोबर मीही बंद. मोकळा असे तो फक्त राहुकाळात. त्या दीड तासात कचेरीत कुणी नवं काम सुरू करत नसे. सगळे कॉफीला जात.

“अय्यो! राहुकाळांत चाचणी धरूं नको, मा,” सीतारामराव म्हणाले.

“मी कुठं धरतें, सार? यंत्र धरतें. त्याला कुठला राहू?”

माझी छाती फुगली. मी रोज नेटाने तपासू लागलो.

हाताने तपासताना माणसं गेल्या वर्षीच्या पंचांगातले मुहूर्तच तेवढे टाइप करत, आणि त्यांत एकही महिन्याची एक तारीख नव्हती. अशुभ तारीख आपल्या हाताने कोण घालणार? वसुमतीने मला वर्षाचे सगळे दिवस दिले. एका शुक्रवारी मी दर महिन्याच्या एक तारखेवर अडलो. लग्नासाठी हॉल आदल्या संध्याकाळपासून लागतो, पण महिन्याच्या एक तारखेचं लग्न असलं की प्रणाली आदली संध्याकाळ दुसऱ्याच घराला देत होती. येत्या वर्षी नेमका एक फेब्रुवारीला मुहूर्त होता.

सीतारामरावांनी पडदा पाहिला, मग घड्याळ पाहिलं. राहुकाळ संपायला अर्धा तास होता. त्यांनी वसुमतीसाठी खुर्ची ओढली. “दुरुस्ती धर मा, आत्तांच धर.”

तिने चूक दुरुस्त केली. पूर्ण यादी मी तासाभरात पुन्हा तपासली. गिऱ्हाईक टिकलं आणि वसुमती तंजावरातच राहिली. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

आता नवी यंत्रं आली आहेत. मी कोपऱ्यात धूळ खातो, त्याचं वाईट वाटतं. यादी मात्र नऊशे ओळींची झाली आहे. सापडलेली प्रत्येक चूक तिच्यात जाते. हल्ली घाई असली की कुणी म्हणतं, आज यादी राहू दे.

मित्रांनो, मला भंगारात द्यायचं तर खुशाल द्या. पण ती यादी गाळू नका. ज्या दिवशी गाळाल, त्या दिवशी कुणाच्या तरी मुलीचं लग्न असेल.