यंत्राचा विसावा

“सार, हे बंद आहे ना? चालत्या यंत्राला गंध लावू नये,” राजगोपालने तमिळमध्ये विचारलं. कॉलेजातला हा जुना शिपाई एका हातात चंदनाची वाटी आणि दुसऱ्या हातात कुंकवाची पुडी घेऊन उभा होता.

“बंदच आहे,” रंगराव म्हणाले.

कॉम्प्युटरची काच काळी होती खरी. ती त्यांनीच नुकती काळी केली होती. पण खालच्या डब्यात त्यांचं गणित सकाळपासून चालू होतं, आणि विजयादशमीच्या पहाटेपर्यंत चालणार होतं. राजगोपालने डब्याला चंदन लावलं, त्यावर कुंकू टेकवलं, झेंडूची माळ घातली आणि तो पुढच्या यंत्राकडे वळला.

सरस्वतीपूजेच्या आदल्या दुपारपासून तंजावुरात सगळी अवजारं विसावा घेतात. शिंप्याची कात्री, सोनाराचा तराजू, रिक्षावाल्याची रिक्षासुद्धा. पुस्तकंही देवापुढे जातात आणि दशमीपर्यंत कुणी वाचत नाही. अभ्यासाचा कंटाळा असलेली मुलं वर्षभर याची वाट बघतात. लहानपणी रंगरावही बघत. आता पन्नाशीला टेकलेला हा गणिताचा लेक्चरर दुसऱ्याच कारणाने वाट बघत होता. कॉलेज बंद, यंत्र मोकळं.

विषय तसा सोपा आहे, असं ते म्हणत. बायकोला, चंद्रमतीला, त्यांनी तो शिवगंगा तळ्याच्या काठी समजावला होता. पाण्यात खडा टाकला की तरंग पायरीवर आपटून इकडेतिकडे फुटतात; तशा रडारच्या लाटा विमानावर आपटल्या की कुठे किती फुटतील, ते आकड्यांनी काढायचं. त्यासाठी विमानाच्या अंगाचे कल्पनेतच तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकडा आपल्यावर आलेल्या लाटेतलं थोडं बाकी सगळ्या तुकड्यांवर टाकतो, म्हणून एकाचं उत्तर एकट्याने निघत नाही, सगळ्यांचं एकदमच सोडवावं लागतं.

“म्हणजे एकत्र कुटुंबच की,” चंद्रमती म्हणाली होती.

तुकडे मोठे ठेवले की उत्तर ढोबळ येतं. ते बारीक, आणखी बारीक करत गेल्यावरही उत्तर हललं नाही, तर पद्धत खरी. रंगरावांचं उत्तर आजवर हलत आलं होतं. चूक सापडली, दुरुस्त झाली. आता ही शेवटची, सगळ्यात बारीक फेरी. ती पुरी झाली तर प्रबंध जाणार होता. तिरुच्चीचे मार्गदर्शक महिनाअखेर निवृत्त होत होते, विद्यापीठाने मुदत आणखी वाढवायला नकार दिला होता, आणि दशमीपासून कॉलेजातली ही यंत्रांची खोली सॉफ्टवेअरच्या क्लासला जाणार होती. देशाची दारं उघडली होती. गावातल्या प्रत्येक आईला आपला मुलगा अमेरिकेत दिसू लागला होता. यंत्र पुन्हा असं सलग मिळणं नव्हतं.

घरी चंद्रमती पुस्तकांवर रेशमी वस्त्र घालत होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिला शंका आली, आणि तिने घरच्या तंजावुरी मराठीत विचारलं.

“यंत्र बंद केलांत की नाहीं?”

“काच बंद केलों.”

“आणि आंत चालतें तें देवीस दिसत नाहीं म्हणता?”

“देवीस दिसूं दे, ती समजून घेईल. राजगोपालास कोण समजावणार?”

चंद्रमती हसली नाही. प्रसादाच्या सुंडलाची, उकडलेल्या हरभऱ्यांची वाटी पुढे सरकवत ती म्हणाली की देवीला फसवा हवं तर, तिला सवय असेल. पण तो बिचारा सकाळपासून चंदन उगाळत बसला असेल. रंगरावांनी हरभरे खाल्ले.

सुट्टीचा दिवस त्यांनी हातात काही न धरता काढला. वाचायचं नाही, लिहायचं नाही. तरी बोट मांडीवर आपोआप आकडे काढत राहिलं. चंद्रमतीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दशमीला सकाळी राजगोपाल नवी वेष्टी नेसून खोलीच्या दाराशी उभा होता. शेजारी त्याची नात, रेशमी परकरात. त्याने कुलूप काढलं. रंगरावांनी आत जाऊन काचेचं बटण दाबलं. काच काळीच राहिली. त्यांनी डब्यावर हात ठेवला. डबा गार होता.

“सार, त्या दिवशी मोठं संकट टळलं,” राजगोपाल मागून म्हणाला आणि सांगू लागला. सगळे गेल्यावर खोली पुसताना त्याला सारांच्या डब्यातून घूं घूं ऐकू आलं. सारांनी तर बंद केलेला, मग आवाज कसला? उंदीर वायरी कुरतडतोय असं वाटून त्याने मेन खाली ओढला. तर बॅटरीची पेटी केकाटायला लागली, म्हणून तिचंही बटण दाबलं.

“तुम्ही बंद आहे म्हणालात म्हणून बरं,” तो म्हणाला. “नाहीतर चालू असेल असं समजून मी तसाच गेलो असतो.”

मधली उत्तरं डिस्कवर लिहून ठेवायला जागा नव्हती. जे होतं ते चालत्या डब्यातच होतं. रंगराव खुर्चीत बसले. माळेतली झेंडूची फुलं वाळून तपकिरी झाली होती. राजगोपालच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी वाचवल्याचा आनंद होता, आणि तो शाबासकीसाठी थांबला होता.

“बरं केलंत,” रंगराव म्हणाले. “उंदीर फार झालेत.”

मग राजगोपालने नातीला जरा पुढे केलं. आज तिला पहिलं अक्षर गिरवायचं होतं. देवळात रांग होती. शिवाय घरी त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमचे सार हात धरतील. पिशवीतून त्याने ताट काढलं, त्यात तांदूळ ओतले.

रंगराव उठले आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. मुलगी लाजत जवळ आली. त्यांनी तिचं बोट धरून तमिळ ‘अ’चं पहिलं वळण काढलं. दुसऱ्या वळणावर तिने हात ओढून घेतला, रेघ मोडली आणि तांदूळ ताटाबाहेर सांडले. ती आजोबांकडे बघू लागली.

रंगरावांनी सांडलेले दाणे गोळा करून ताटात टाकले, तळहाताने सगळे सपाट केले, आणि तिचं बोट पुन्हा हातात घेतलं.