आधी हद्द, मग चौथा हिस्सा

मित्रांनो, टेबलावर बसून कागदाची पट्टी बाहेर सोडणारा मी एक म्हातारा कॅल्क्युलेटर आहे. माझ्यासारख्याने कुणावर रागवावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण राग आला आहे, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय तो जाणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. अमेरिकेतल्या एका दुकानातून देवदत्तकाकांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांचे केस काळे होते. काकांचं काम जरा विचित्र आहे. दुसऱ्याच्या चुकीमुळे एखाद्या माणसाचं काम कायमचं सुटलं, तर तो पुढे आयुष्यभर किती कमावू शकला असता, हे ते कोर्टासाठी मोजतात. पगार, पगारवाढ, निवृत्तीचं वय, सगळं माझ्या बटणांवरून जायचं. वकील म्हणत, तुमचे आकडे हलत नाहीत. तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. पुढे कॉम्प्युटर आला आणि मी खिडकीपाशी धूळ खात बसलो. तरी शेवटची बेरीज काका माझ्यावरच करून बघत.

गेल्या हिवाळ्यात सत्यजित आणि त्याची बायको संध्या आमच्याकडे आले. नागपूरचा हा इंजिनिअर इथे चिप बनवण्याच्या कारखान्यात होता. मानेच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरची चूक झाली आणि त्याच्या दोन्ही हातांची बोटं निकामी झाली. काकांनी दिलेला चहा त्याने गार होऊ दिला आणि स्ट्रॉने घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, माझं पुढच्या पंचवीस वर्षांचं अप्रेझल या खेळण्यावर करणार?"

मला तो आवडला. त्याला फार काही नको होतं. बोटांची थेरपी रोज चालू राहावी, म्हणजे कधीतरी शर्टाची बटणं स्वतः लावता येतील, एवढंच. पण थेरपी महाग होती, आणि विम्याचे पैसे संपत आले होते.

ऑपरेशननंतर दवाखान्यातून कुणी चौकशी केली होती का, असं काकांनी विचारलं. 

"नर्सचा फोन आला होता," संध्या म्हणाली. "बोटांत जीव नाही, आणि हा तिला सांगतो, ऑल गुड, थँक यू."

"अगं, ती बिझी असेल, उगाच कशाला त्रास द्यायचा म्हटलं."

तुमच्या घरीही असंच बोलतात ना? फोनवर आपलं दुखणं सांगायचं नाही. भारतातल्या आजी-आजोबांना तर नाहीच. नर्सने ते शब्द जसेच्या तसे नोंदवले.

कोर्टात ज्युरीने, म्हणजे निवाडा करायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, काकांचा आकडा मान्य केला. चाळीस लाख डॉलर. पण दुखणं वेळेत सांगितलं असतं तर काही बोटं वाचली असती, असं म्हणून चौथा हिस्सा दोष त्यांनी सत्यजितवर टाकला; तेवढी भरपाई कापली जाणार होती. शिवाय आमच्या राज्याचा कायदा म्हणतो, नुकसान कितीही असो, भरपाई वीस लाखांच्या वर द्यायची नाही. या हद्दीला कॅप म्हणतात. नुकसानाला मात्र कुणी हद्द घातलेली नाही.

आता प्रश्न उरला क्रमाचा. काकांनी संध्याला समोर बसवून माझ्यावर दोन्ही हिशेब केले. आधी चौथा हिस्सा कापला, तर चाळीसचे तीस होतात, मग हद्द लागते आणि वीस हातात येतात. आधी हद्द लावली, तर चाळीसचे वीस होतात आणि त्यातून चौथा हिस्सा जाऊन उरतात पंधरा.

"आकडे तेच ना, काका? मग पाच लाख गेले कुठे?"

काका चष्मा पुसत राहिले. कायद्यात क्रम लिहिलेला नाही, तो न्यायाधीश ठरवतील, असं काहीसं ते पुटपुटले. मी दोन्ही उत्तरं निमूट छापली. नाही म्हणायचं बटण मला कुणी दिलेलंच नाही.

न्यायाधीशांनी आधी हद्द लावली.

मित्रांनो, मी साधं यंत्र आहे, कदाचित माझं चुकत असेल. पण सत्यजितच्या चुकीची किंमत होती दहा लाख, आणि हद्दीने त्याचे वीस लाख आधीच काढून घेतले होते. त्यावर आणखी पाच! वकिलाची फी आणि जुनी बिलं भागवून, पुढची पंचवीस वर्षं घर चालवून, रोजची थेरपी आता आठवड्यातून जेमतेम एकदा होणार होती.

काकांनी स्पीकर लावून संध्याला फोनवर निकाल सांगितला. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त एवढंच विचारलं, "दोन्ही हिशेब न्यायाधीशांसमोर होते?"

"हो. मीच ठेवले होते."



"म्हणजे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, अशी विनंती शेवटी करायची, असं माझ्या मनात होतं. ती राहू द्या. कुणाच्या आयुष्याचा हिशेब करायची वेळ तुमच्यापैकी कुणावर तरी येईलच. तेव्हा बटण दाबण्याआधी त्या माणसाला समोर बसवा. आणि आधी काय कापलं, ते त्याच्या डोळ्यांत बघून सांगा.