नारळाची नाडी

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कवठे येमाईजवळच्या कालव्याच्या जाळीला एक स्मार्टवॉच अडकलेलं सापडलं. पट्ट्याची कडी तुटली होती, घड्याळ चालू होतं.

ते सार्थकचं होतं. कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कामाला असलेला हा चोवीस वर्षांचा पोरगा रविवारी दुपारी शिफ्ट संपवून गावी निघाला आणि पोचलाच नाही. त्याची दुचाकी सोमवारी जाळीपासून तीन किलोमीटर वर, कालव्याच्या भरावावर मिळाली. स्टँडवर नीट लावलेली. फोन बंद लागत होता.

त्याची आई सोजराबाई अनवाणीच जाळीपाशी आली. तिनं घड्याळ हिसकावलं आणि मुठीत आवळलं. काचेवर पाण्याचे थेंब होते, स्क्रीनवरची पानं आपोआप सरकत होती. मग लाल बदाम उमटला आणि खाली आकडा आला, एकशे चार.

"धडधडतंय!" ती किंचाळली. "माझ्या लेकराचं काळीज धडधडतंय गं!"

तिची मुलगी नीलम शेजारीच उभी होती. तिनंही तो आकडा पाहिला, आणि क्षणभर तिलाही तो खरा वाटला.

दुपारपर्यंत घड्याळ बबनबाबाच्या मठात पोचलं. हे बबनराव पूर्वी सणसवाडीच्या चौकात मोबाईलची कव्हरं विकत. तीन वर्षांपूर्वी ते दाढी वाढवून गावात परतले, पण भाषा मात्र दुकानातलीच राहिली.

"माउली, देह डिस्चार्ज होतो, आत्मा स्टँडबायला राहतो," बाबानं सांगितलं. घड्याळ लाल नाड्यानं नारळाला बांधलं होतं. आकडा दिसत होता, बहात्तर. "रेंज हाय तवर पोरगं जित्तं हाय. नऊ दिवस नेटवर्क तोडू नका. पाणबुडे न्हाईत, कालव्याचं दार खाली पाडून पाणी अडवायचं न्हाई. पाणी थांबलं की ठोका थांबला!"

बुधवारी मठाबाहेर दोनशे माणसं होती. रोज सकाळी घड्याळाला दुधा-हळदीचं स्नान घालायचं, मग ते तांदळात पुरायचं, मग देव्हाऱ्यात चार्जिंगला लावायचं आणि आरतीच्या वेळी नारळावर बांधायचं, असा क्रम बसला. घंटा वाजली की आकडा वाढे आणि गर्दी हात जोडे.

नीलम पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांकडे, आण्णांकडे गेली. कालव्यात आवर्तनाचं, म्हणजे पाळीनं शेतीला सोडलेलं पाणी छातीच्या वर होतं. दार पाडल्याशिवाय शोध घेता येणार नव्हता आणि दार पाडायला संस्थेचं पत्र लागणार होतं.

"पोरी, तुझी आईच म्हणतीय, पोरगं जित्तं हाय," आण्णा म्हणाले. "मग मी कुठल्या तोंडानं लिहू? चार दिसांचं पाणी राहिलंय. टेलच्या, पार कालव्याच्या शेवटाच्या लोकांचा कांदा वाळतोय."

"तुमचा ऊस कुठं हाय आण्णा? टेललाच ना?"

आण्णा टोपी घालून उठले.

गुरुवारी ती शिरूरला हन्नाबाईंकडे गेली. बाईंनी तिला आणि सार्थकला विज्ञान शिकवलं होतं. सगळं ऐकून बाईंनी ओट्यावरचा दुधी भोपळा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि नीलमच्याच हातातलं घड्याळ काढून त्याला बांधलं. थोड्या वेळानं आकडा आला, एक्याऐंशी.

"हे कसं?" नीलमनं विचारलं.

"घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो," बाई म्हणाल्या. "तो कातडीवर पडतो. प्रत्येक ठोक्याला आत रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो. घड्याळ तेवढंच मोजतं. समोर माणूस आहे की भोपळा, हे त्याला कळत नाही. ओल हलली, समई फडफडली, कोणी धक्का दिला, तरी ते आकडा जुळवतं."

"आणि पानं सरकत होती ती?"

"काचेला थेंबही बोटासारखाच. पोहताना स्क्रीन लॉक करतात ते त्यासाठीच." मग त्यांचा आवाज उतरला. "नीलम, ते घड्याळ आधी सोडव. रविवारचा रस्ता त्यात असेल. हातातून कधी निसटलं, ती वेळही असेल. नव्या घड्याळाला साधं पाणी सोसतं. दूध, साबण, गरम पाणी नाही. तांदळात ठेवून काही सुकत नाही, उलट भुकटी भोकांत जाते. आणि ओल्याला चार्जिंग म्हणजे आत जे काही उरलंय तेही जाळणं."

शुक्रवारी सकाळच्या आरतीला नीलम भोपळा घेऊन गेली. नारळाशेजारी ठेवून तिनं आपलं घड्याळ त्याला बांधलं. आकडा आला, अठ्ठ्याहत्तर.

"आरं, भोपळा जित्ता हाय!" मागून कोणीतरी म्हणालं.

"भोपळ्यातबी प्राण असतो," बाबा घाईनं म्हणाला.

"मग बाबा, काल प्रसादाला त्याचीच भाजी व्हती की!"

माणसं हसली. बाबानं घंटेकडे हात नेला. नीलमनं तो धरला.

"घंटा नको. समई बाजूला घ्या. नारळ कोरडा करा आणि कुणी हात लावू नका."

तिनं स्वतःच सार्थकचं घड्याळ सोडलं, नारळ पदरानं पुसला, पुन्हा बांधलं आणि चार पावलं मागं सरली. आकडा डळमळला आणि गेला. बदामाखाली दोन रेघा उरल्या.

मग सोजराबाईचा आवाज फुटला.

"मारलंस! माझ्या सार्थकला तू मारलंस!" ती नीलमच्या अंगावर धावली, तिच्या छातीवर बुक्क्या मारू लागली. नीलमनं मार खाल्ला. मग घड्याळ नारळावरून काढून तिनं आईच्या मुठीत दिलं, जसं मंगळवारी होतं तसं. आकडा परत आला, एकशे बारा.

"बघ! हाय! हाय की गं!"

नीलमनं आईची दोन बोटं आईच्याच दुसऱ्या मनगटावर ठेवली. "मोज."

सोजराबाई मोजू लागली. ओठ हलत होते. मिनिट भरलं तेव्हा घड्याळातल्या आकड्यापाशीच तिचे ओठ थांबले.

"हे तुझे ठोके हायेत आई," नीलम म्हणाली. "मंगळवारीबी तुझेच व्हते."

सोजराबाईनं मूठ उघडायला बराच वेळ घेतला. "बाबा, तुम्हाला ठाव व्हतं?" तिनं विचारलं. बबनबाबा आत गेला, तो बाहेर आला नाही. गर्दीत उभ्या असलेल्या आण्णांनी तिथंच पत्र लिहून दिलं.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी कालव्याचं दार खाली आलं.

तोवर नीलमनं शिरूरला नेलेलं घड्याळ हन्नाबाईंनी बंद केलं होतं. साध्या पाण्याच्या हलक्या धारेखाली दूध-हळद धुतली, मऊ कापडानं पुसलं, आणि ते पंख्याच्या वाऱ्यात ठेवलं. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट गंज धरला होता. आतलं काही वाचेल का, हे पुण्याचा कारागीर ते उघडल्यावरच सांगू शकणार होता.

हे सगळं मंगळवारीच करता आलं असतं. ओलं घड्याळ पुसावं, बंद करावं आणि सुकू द्यावं. माणूस हरवला तर पोलिसांत जावं आणि पाणी थांबवून शोधावं. आकडा दिसला की तो कुणाचा, हे आधी तपासून बघावं. त्याला बाबा लागत नाही. दोन बोटं आणि एक मनगट पुरतं. कवठ्यात ते उमगायला तीन दिवस गेले, आणि ते दिवस सार्थकच्या वाट्याचे होते.

शनिवारी दुपारी साडेतीनला कालव्यात गुडघाभर पाणी होतं. दुचाकी सापडली तिथून जाळीपर्यंतच्या तीन किलोमीटरपैकी दोन धुंडाळून झाले होते. सार्थकचा पत्ता लागला नव्हता. सोजराबाई भरावावरून शोधपथकाच्या बरोबरीनं चालत होती. दार पुन्हा कधी उघडणार, हे विचारायला आण्णांनी त्या दिवशी पाटबंधारे खात्याला दोनदा फोन केला होता.