राखीव जागेवरचे डबे

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, बसून बसून माझी बैठक झिजली असेल. तसे काही नाही, मित्रांनो. वर्षानुवर्षे माझ्यावर कुणी बसलेच नाही. घरात पाहुणे जास्त झाले की ते पलंगावर दाटीवाटीने बसत, पालथ्या बादलीवर बसत, नाहीतर दाराला टेकून उभे राहत. पण माझ्याकडे कुणी वळत नसे. कारण मी राखीव होते.

मला घडवले या घरातल्या छोट्या बिट्टीच्या आजोबांनी. ते सुतार होते. आयुष्यभर लोकांची दारे-खिडक्या केल्यावर, शाळेच्या बाकांमधून उरलेल्या सागवानाची त्यांनी मला केली. माझ्यावर ते इतके रेंगाळले की आजी कंटाळून म्हणाल्या, "एका खुर्चीला एवढा वेळ? राजा बसणारेय की काय हिच्यावर?"

आजोबांनी रंधा थांबवला नाही. म्हणाले, "राजाला एक वेळ फसवता येतं गं. पण हा बसणारा सुतार आहे. सांधा ढिला राहिला तर लगेच कळेल त्याला."

तो सुतार म्हणजे प्रभू येशू. रोज दिवेलागणीला घरातले सगळे प्रार्थनेला बसत, तेव्हा मला मधोमध, सगळ्यांच्या समोर ठेवत. शेजारी हसत. एक जण तर तोंडावर म्हणाला, "आजोबा, खुर्चीत दिसत तर कुणी नाही!" आजोबा म्हणाले, "तो आहेच रे. माझीच नजर फार भटकते. तिला बघायला एक ठिकाण लागतं."

तेवढेच माझे काम. मी लाकूड आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. माझी कुणी पूजा केली नाही आणि मी तसला मान मागितलाही नाही. पण घरात आजार आला, बाबांचे काम सुटले, आजी गेल्या, तेव्हा तेव्हा ही माणसे माझ्याकडे तोंड करून येशूशी बोलली. रडली, भांडलीसुद्धा. आणि बोलून झाल्यावर उठून कामाला लागली. पुढे आजोबाही गेले. मला पुसण्याचे काम बिट्टीच्या आईकडे आले.

आई शिकलेली, नीटनेटकी आणि जात्याच काळजीवाली. कडी लावली तरी पुन्हा ओढून बघणारी. मला ती मऊ फडक्याने पुसायची, पायांच्या खाचाखोचासुद्धा. तिच्याबद्दल पुढे जे सांगणार आहे ते ऐकून तिला वाईट ठरवू नका. भीती कुणालाही वाकवते.

शहरात गडबड सुरू झाली. आधी लांब कुठेतरी, मग दोन चौक सोडून. रस्ते बंद झाले, दुकानांची शटर खाली आली, मालाच्या गाड्या येईनात. बिट्टीचे बाबा वीजकेंद्रात कामाला. पाळी बदलायला माणसेच पोहोचेनात म्हणून ते तिकडेच अडकले. घरात उरल्या तिघी: आई, पाच वर्षांची बिट्टी आणि पाळण्यातली तान्ही.

पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, "आधी बातम्या बघू, मग प्रार्थना करू." दुसऱ्या संध्याकाळी बातम्या संपल्याच नाहीत. मग प्रार्थनेचे नावही निघेना. आईची नजर मोबाइलवर, मोबाइलवरून खिडकीवर, खिडकीवरून कडीवर. मला उचलून कपाटाशेजारच्या कोपऱ्यात सरकवले गेले. माझ्यावर धूळ बसली. धुळीचे मला काही वाटले नाही. पण एवढ्या संकटात या घराने एकदाही माझ्या दिशेला तोंड केले नाही, याचे वाटले.

दुकाने बंद होण्याआधी आईने मिळतील तेवढे दुधाच्या पावडरीचे डबे आणून ठेवले होते. तान्हीसाठी. खाली ठेवावेत तर ओल आणि मुंग्या, कपाट तर ठासून भरलेले. तिने इकडेतिकडे बघितले आणि एकावर एक असे ते सगळे माझ्यावर रचले. वरून जुनी चादर टाकली.

बिट्टी बघत होती. "आई, आता येशू कुठं बसणार?"

"बसेल कुठंतरी," आई म्हणाली. मग तिलाच ते कसेसे वाटले असावे, कारण आवाज चढवून म्हणाली, "आणि त्या डब्यांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते. ते राखीव आहेत."

बिट्टीने मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. राखीव म्हणजे काय, हे तिला बोलायला लागल्यापासून माहीत होते.

मित्रांनो, ओझ्याने मी वाकले नाही. दुधाचे डबे ते किती जड असणार! पण चादरीखाली मला लाज वाटत होती. मला पाय चार, पण एकही पाऊल टाकता येत नाही. नाहीतर मी कधीच जिना उतरून गेले असते.

मग एका सकाळी दार वाजले. आईने आधी भोकातून पाहिले, मग साखळी न काढताच दार किलकिले केले. बाहेर खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली उभी होती. आईची पोलकी, बिट्टीचे फ्रॉक, सगळे तीच शिवायची. कडेवर तिचा तान्हा होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"ताई, ताप आला होता मला. दूधच आटलंय बघा," ती म्हणाली. "कालपासून साखरपाणी पाजतेय याला. सगळी बिल्डिंग फिरून आले. तुमच्याकडे पावडर असेल थोडी? वाटीभर दिलीत तरी चालेल."

आईचा हात साखळीवर होता. पाळण्यात तान्ही झोपली होती. आईने एकदा पाळण्याकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही.

"नाहीये गं," ती म्हणाली. "आमच्याकडेही नाहीये. असती तर दिली नसती का?"

शिवणकामवालीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतले. "बरं," म्हणून वळायला लागली. तेवढ्यात बिट्टी आईच्या पायांमधून डोके काढून म्हणाली, "मावशी, आई खरं सांगतेय. आमच्याकडे नाहीयेत. येशूकडे आहेत."

"बिट्टी, आत जा!"

"अगं, राखीव आहेत ना ते? त्याच्या खुर्चीवर आहेत म्हणजे त्याचेच ना?" आणि बाहेरच्या बाईला धीर देत ती म्हणाली, "थांब हं मावशी. मी त्याला विचारून येते. तो देतो."

ती धावत माझ्याकडे आली. चादरीचे टोक उचलून डब्यांकडे तोंड करून तिने विचारले, "येशू, मावशीच्या बाळाला भूक लागलीय. एक डबा देऊ?" थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. मग दाराकडे वळून ओरडली, "आई, तो हो म्हणतोय!"

चादर घसरून खाली पडली. दाराच्या फटीतून शिवणकामवालीला मी दिसले आणि माझ्यावरची रासही दिसली.

आईचा चेहरा मी त्या वेळी पाहिला, तो विसरणार नाही. कानापर्यंत लाल झालेला, आणि डोळे ठेवायला कुठे जागाच नाही असा. लेकीने तिला पकडले नव्हते. लेक तिची बाजू घेत होती, म्हणून तर जास्त लागले. ओरडली असती तर सुटली असती. पण ओरडायला तोंड उरले नव्हते.

तिने साखळी काढली. दार पूर्ण उघडले.

"आत ये," ती म्हणाली. "मी खोटं बोलले गं."

"जाऊ द्या ताई. तुमचीही तान्ही आहे."

"आहे. पण तुझाही आहेच ना." आईने डबे भराभर जमिनीवर उतरवले आणि दोन वाटे केले. वाटे करताना एक डबा तिच्या हातात राहिला. या वाट्यात की त्या? तो तिने शिवणकामवालीच्या वाट्यात ठेवला, पण पटकन नाही. हेही खरे सांगायला हवे.

मग तिने पाणी उकळले, निववले, बाटली तयार केली. शिवणकामवाली तापाने पार गळून गेली होती. भिंत धरून उभी होती. आई तिला म्हणाली, "बस."

"कुठं?" पलंगावर वाळत टाकलेले कपडे होते. दुसरी जागा नव्हती. बाईने माझ्याकडे बघितले आणि मागे सरकली. "नको हो. ती तर त्याची आहे. सगळ्या बिल्डिंगला माहितीय."

"त्याचीच आहे," आई म्हणाली. "म्हणून तर म्हणतेय, बस."

ती अंग चोरून, अगदी कडेला बसली. बाळाने बाटली तोंडात धरली आणि तो असा घटाघट प्यायला की बिट्टी म्हणाली, "हळू रे हावरटा! येशूकडे अजून आहेत." शिवणकामवालीला हसू फुटले आणि हसता हसता रडूही. मग ती टेकून बसली.

आई जमिनीवर गुडघ्यांवर बसली. इतक्या दिवसांनी प्रार्थनेला बसली, पण तिला मान वर करता येईना. नेहमी खुर्चीकडे बघून बोलायची सवय, आणि खुर्चीत तर तीच बाई, जिला ती मघाशी दारातून परत पाठवत होती. शेवटी मोठ्या कष्टाने तिने वर पाहिले.

"प्रभू, चुकले," एवढेच ती म्हणाली. मागण्यांची लांबलचक माळ त्या दिवशी नव्हती.

"माझ्याकडे काय बघताय ताई? मी उठते," शिवणकामवाली गडबडली.

"नको. बसून राहा. मला बघू दे."

गडबड त्या दिवशी संपली नाही, बाबाही लगेच परतले नाहीत. बाहेर कुठे धडाम झाले की आई अजूनही उठून कडी ओढून बघते. आणि जिन्यात शिवणकामवाली भेटली की तिची मान क्षणभर खाली जाते. पण मला तिने पुन्हा मधोमध आणून ठेवले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी खुर्ची नसली तरी चालेल. मी शेवटी लाकूडच. पण येशूच्या जागेवर काय काय रचून ठेवले आहे, ते अधूनमधून चादर उचलून बघत जा. संकट आले की भीती आपली नजर त्याच्यावरून काढून घेते, आणि भीतीने भलतेच काही करून बसलो की उरलेले काम लाज करते: मान वर करू देत नाही. त्या लाजेचे ऐकू नका. मान खाली असली तरी वर करा आणि त्याच्याकडे बघा. त्याने तुमच्याकडे पाठ फिरवलेली नसते.