नाहीला दिलेला होकार

माझ्या नावात एक 'द' आहे. तो उच्चारताना माझ्या आईच्या जिभेचं टोक खालच्या दातांमागे पडून राहायचं. माझ्या सासूचं टोक वरच्या दातांना जेमतेम स्पर्श करून परत येतं. अंतर काही मिलिमीटरचं. आई डॅनिश बोलायची, सासू स्पेनच्या या वायव्य कोपऱ्यातली गॅलिशियन बोलते. दोन्ही भाषा 'द' पूर्ण म्हणत नाहीत, तो मऊ करून सोडून देतात. त्यामुळे या गावात पहिल्या दिवसापासून माझं नाव कोणी बिघडवलं नाही. बोदिल म्हणजे बोदिलच.

दोन्ही भाषांना शेजाऱ्यांनी नावंही ठेवलेली आहेत. स्वीडनचे लोक म्हणतात, डॅनिश माणूस तोंडात गरम बटाटा धरून बोलतो. माद्रिदचे लोक म्हणतात, गॅलिशियन ही गोठ्यात बोलायची भाषा. माझा नवरा अमारो यावर म्हणायचा, "तुमच्या तोंडातला तो बटाटा आमच्याच शेतातला. उगाच ऐट नको."

अमारोला कॅन्सरने नेलं त्याला दोन वर्षं झाली. खाडीत दोर सोडून शिंपले वाढवायचा तराफा अर्धा त्याचा होता, तो माझ्या नावावर आला. उरलेला अर्धा त्याच्या थोरल्या भावाचा, देल्मिरोचा. दफनानंतर सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा देल्मिरोने टेबलापलीकडून विचारलं, "मग बोदिल, आता तू काही इथं राहणार नाहीस ना?"

मी म्हणाले, "हो."

डॅनिशमध्ये होकार दोन आहेत. साध्या प्रश्नाला एक. आणि प्रश्नातच 'नाही' असेल तर ते 'नाही' खोडून काढायला दुसरा, 'यो'. तू येणार नाहीस ना? यो. म्हणजे, येणारच. माझ्या डोक्यात 'यो' होता. गॅलिशियनमध्ये त्याला जागाच नाही, म्हणून तोंडातून साधा 'हो' आला. टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकलं ते इतकंच, की ही परत जाणार.

आठवडाभराने बेकरीतली बाई विचारू लागली, "कधी निघतेस गं?" तेव्हा कुठे मला कळलं. खुलासा करता आला असता. पण जेवणाच्या टेबलावर मी जेवढी ठाम होते तेवढी त्या हिवाळ्यात राहिले नाही. डेन्मार्कला, एस्ब्यर्गमध्ये, बहिणीने माझ्यासाठी खोली रिकामी ठेवली होती. इथे प्रयोगशाळेत खाडीचं पाणी तपासायचं काम होतं, आणि एक ऐंशी वर्षांची सासू. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

काल शनिवारी दुपारी देल्मिरो तराफ्यासाठी एका खरेदीदाराला घेऊन आला. सेओआने नावाचा, व्हिगो शहरातल्या कंपनीचा माणूस, पांढऱ्या बुटांत. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. सासूने, बाल्बिनाने, मक्याचा पाव कापला. देल्मिरो एकाएकी स्पॅनिश बोलू लागला, अगदी बँकेत बोलतात तसं.

"तराफा जुना आहे," सेओआने म्हणाला. मग माझ्याकडे पाहून देल्मिरोला विचारलं, "बाईंना कळतंय ना?"

"डेन्मार्कची आहे. अर्धं कळतं."

"अर्धं कळतं ते तुझं स्पॅनिश," मी गॅलिशियनमध्ये म्हणाले. "आणि तराफा जुना नाही. निलगिरीचे सगळे वासे मागच्या उन्हाळ्यात बदललेत."

सेओआने हसला. "अरे वा! ही तर माझ्या आजीसारखी बोलते," तो म्हणाला, आणि तेही गॅलिशियनमध्ये.

बाल्बिनाने सुरी खाली ठेवली. "काय रे देल्मिरो, त्याला येते की आपली भाषा! मग तुझीच जीभ कोणी पळवली?"

"आई, हा व्यवहार आहे."

"आणि आम्ही काय मांजरं आहोत?"

देल्मिरोचे कान लाल झाले. तो माझ्याकडे वळला, या वेळी गॅलिशियनमध्ये. "अगं, तूच म्हणालीस ना! सगळ्यांसमोर विचारलं होतं मी. राहणार नाहीस ना? तर म्हणालीस, हो."

"तो हो म्हणजे नाही होता."

"म्हणजे?"

"तू नाही म्हणालास. त्या नाहीला माझं नाही. आमच्याकडे त्यालाही हो म्हणतात, पण वेगळा."

"देवा रे!" बाल्बिना म्हणाली. "हो म्हणजे नाही! आणि तिकडची माणसं लग्नं कशी लावतात?"

सेओआनेला खोकला आला. देल्मिरो मात्र हसला नाही. "माझी पाठ गेलीये, बोदिल. शिंपल्यांनी लगडलेले दोर आता माझ्याच्याने ओढवत नाहीत. ते कोण ओढणार? तू? काचेच्या नळ्या धुणारी?"

तो खोटं बोलत नव्हता. तो दुष्टही नाही. मी माझ्या हातांकडे पाहिलं.

बाल्बिना माझ्यासमोर येऊन बसली. "हे बघ पोरी, तुझे ते हो तुझ्याजवळ ठेव. इथं तसलं कोणी बोलत नाही. आलास का, तर आलो. जेवलीस का, तर जेवले. जे विचारलं तेच परत म्हणायचं, म्हणजे मागाहून कोणाला काही फिरवता येत नाही." तिने माझ्यापुढची ताटली बाजूला सारली. "आता मी विचारते. राहतेस?"

डॅनिशमध्ये एका अक्षरात सुटले असते. ते अक्षर घशात अडकवून अर्धंच सोडलं असतं, तरी चाललं असतं. इथे पूर्ण क्रियापद हवं होतं. कोण राहणार, तेही त्याच्या शेवटच्या अक्षरातच येतं. देल्मिरोने तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"राहते," मी म्हणाले. "दोर मी ओढते. आणि माझा अर्धा तराफा मी विकत नाही."