घागरीला घाम फुटला

सकाळी सकाळी तांड्यावर जत्रा भरली होती, आणि जत्रेतला देव कोण? हळद तोलायचा वजनकाटा! आखाडा बाळापूरहून टेम्पोतून आणलेला. काट्याला हार, काट्याला कुंकू, आणि बायका काट्याच्या पाया पडून राहिल्या होत्या. मी इथल्या शाळेचा मास्तर. हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना.

झालं असं, की तांड्यातल्या शेळ्या पटापट मरू लागल्या. तांड्याच्या नाईकानं, रतनसिंगनं, जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं सोडून कलशबाबाला बोलावलं. बाबानं डोळे फिरवले. "एका घरात भानामती शिरली हाय! माझी घागर तिला बराबर धरंल!"

मग काल सांजेला त्याच्या चार पितळी घागरी हौदात बुचकळून गळ्यापर्यंत भरल्या. झाकणं लोकांनीच लावली, लाखेनं बंदही त्यांनीच केली. काट्यावर सगळ्या सारख्या वजनाच्या भरल्या. तीन घागरी संशयाच्या घरी गेल्या आणि एक मान म्हणून नाईकाच्या. प्रत्येक घागर वाळूच्या राशीवर ठेवली. बाबानं घरोघरी जाऊन घागरींच्या खांद्याला शेंदूर फासला. "हात लावू नका. भानामती असंल तर बंद घागरीतलं पाणी पिऊन टाकंल!"

आणि आज चारही परत काट्यावर आणल्या, तर नानीबाईच्या घरची घागर चांगली हलकी भरली! बुडातून थेंब ठिबकून राहिले होते.

"बघा, घाम फुटला भानामतीला!" बाबा कडाडला. त्याचं बोट नानीबाईच्या सुनेवर, शिलावर रोखलेलं. "ही बाई सांजच्या आत तांड्याबाहेर गेली पाहिजे!"

शिलाच का? परवा तिनं भर गर्दीत विचारलं होतं, "महाराज, शेळ्यांचं राहू द्या, तुमचा खोकला काहून बरा होत न्हाई?" लोक हसले होते. बाबानं ते हसू डोक्यात ठेवलं होतं.

शिलाच्या कडेवर लेकरू होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. मी तावातावानं पुढं झालो, पण माझ्याआधी नानीबाई उठली. "माझी सून मी कुठं धाडत न्हाई. काय करायचं ते करा!"

सासूचा आवाज ऐकून शिलाला धीर आला. तिनं लेकरू सासूकडं दिलं. "याडी, याला धर. नाईक, घाम हाय का गळती, ते बघू द्या. घागर हौदात बुडवा."

"हात लावशील तर भस्म होशील!" बाबा ओरडला.

"मग तर तुमची तकलीफच मिटली," म्हणत तिनं घागर उचलून हौदात दाबलीसुद्धा!

बुड बुड बुड! शेंदराखालून बुडबुड्यांची माळच निघाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी शेंदूर पुसला, तर त्याखाली, घागरीच्या खांद्यावर, टाचणीएवढं भोक!

"भोक वर, आन् पाणी खालून कसं गळंल?" रतनसिंग म्हणाला.

"तुमच्या घरी तेलाचा डबा कोण फोडते, नाईक? एकच भोक पाडलं तर तेल धड येत न्हाई. वरून हवा शिरायला दुसरं पाडावं लागते." एवढं बोलून शिला थेट नाईकाच्याच घागरीकडं गेली. ती टिपूसभरही गळत नव्हती. शिलानं केसातला आकडा काढला आणि शेंदूर खरवडला. भोकात मेण होतं, तेही टोकरलं, आणि बुडातून थेंब सुरू झाले. टप, टप, टप!

"अरे द्येवा! नाईकाच्या घरात बी भानामती शिरली!" नानीबाई किंचाळली. सगळा तांडा हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

शिलानं वरच्या भोकावर अंगठा ठेवला. थेंब थांबले. अंगठा उचलला. टप, टप! पोरं आरडू लागली, "थांब भानामती! चल भानामती!" मलाही चेव आला. घागर काट्यावर ठेवली, मग गळणारं पाणी तांब्यात धरून पुन्हा वजन केलं. घागर जितकी हलकी झाली, तांब्या तितकाच जड. कोणी प्यालं नव्हतं, बाबांनो!

चारही घागरींना बुडाशी एक आणि खांद्यावर एक अशी भोकं होती. वरचं मेणानं बुजवलेलं, म्हणून पाणी अडून राहायचं. ज्या घरावर खुन्नस, तिथं शेंदूर फासताना बाबा नखानं मेण काढायचा. रात्रभर पाणी गळायचं आणि वाळू ते गुपचूप पिऊन टाकायची.

बाबा हळूच टेम्पोकडं सरकत होता. रतनसिंगनं त्याचा हात धरला आणि मला म्हणाला, "मास्तर, लावा फोन पोलिसांना. दुसरा फोन जनावरांच्या डॉक्टरला." मग शिलासमोर जाऊन त्यानं पागोटं काढलं. "पोरी, चुकलो."

शिला रडत होती आणि हसतही होती. लेकरू परत घेत ती सगळ्यांना म्हणाली, "कळमनुरीच्या बाजारात साधं मडकं घेताना चारदा वाजवून बघता. मला घराबाहेर काढायला निघाले, तवा एकानं तरी घागर उलटी करून बघायची व्हती."

नानीबाईनं लाख फोडून बाबाची घागर रिकामी केली, उलटी केली आणि बुडातलं भोक पोराटोरांना, बायाबापड्यांना, एकेकाच्या डोळ्यापुढं धरत ती सगळ्या तांड्यावरून फिरली.